वेबपेजसाठी चित्र स्लाइस करायला काय वापरता? देवस्थानची पत्रिका, जुनी पोस्टरे आणि एक कावीची भिंत

अंत्रुजकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

गोव्यात जत्रांचा मोसम जवळ आला की आमच्या फोंड्याच्या दुकानात एकाच तऱ्हेचे काम येऊ लागते. देवस्थानची समिती पत्रिका घेऊन येते. ती छापखान्यात कोरल या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेली असते, तीच फ्लेक्सला गेलेली असते, आणि आता ती वेबसायटीवर घालायची असते, शिवाय मुंबई, बेळगाव, कारवारला असलेल्या महाजनांना (देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांना) ईमेलनेही धाडायची असते. वर देवीचा फोटो, भोवती नक्षीची चौकट, मध्ये लघुरुद्र, पालखी, महाप्रसाद, रात्रीचे नाटक असा दिवसवार कार्यक्रम, आणि खाली देणगीसाठी क्यूआर कोड. सगळे एकाच चित्रात.

हे चित्र जसेच्या तसे चढवले तर फाइल काही एमबींची होते. वाळपईच्या पुढे, किंवा सांगे-काणकोणच्या आतल्या गावांत रेंज तुटक असते, तिथे ती अर्ध्यावर अडकते. छोटी करून चढवली तर कार्यक्रमाची अक्षरे वाचता येत नाहीत. म्हणून पूर्वापार उपाय असा की चित्राचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा त्याला साजेशा फॉरमॅटमध्ये काढायचा आणि पानावर पुन्हा जुळवायचे.

मी स्वतः फोटोशॉपचे स्लाइस टूल वापरतो. क्रॉप टूलच्याच खाली ते दडलेले असते. आधी पट्टीवरून गाईड, म्हणजे आखणीच्या रेघा, ओढून घ्यायच्या, मग वरच्या पट्टीतले 'स्लाइसेस फ्रॉम गाईड्स' दाबायचे, आणि 'सेव्ह फॉर वेब'मध्ये जाऊन एकेका तुकड्याला वेगळी सेटिंग द्यायची: फोटोला जेपीजी, चौकटीला आठ बिटी पीएनजी, क्यूआरला तर पीएनजीच. ही सोय आजही मला अन्य कुठे इतकी सुटसुटीत मिळालेली नाही. पण अडोबीने या खिडकीच्या नावापुढे 'लेगसी', म्हणजे जुनी सोय, असे लावून ठेवले आहे, आणि तिच्यातून वेबपी हा नवा, हलका फॉरमॅट निघत नाही. वेबपी फोटोशॉपमध्ये २०२२ पासून थेट सेव्ह होते, पण ते 'सेव्ह ॲज'च्या वाटेने, स्लाइसच्या वाटेने नव्हे.

तेव्हा प्रश्न दोन. तुम्ही आज कुठले सॉफ्टवेअर वापरता? आणि दुसरा, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो: तुकडे नक्की कुठे पाडावेत आणि कुठे अजिबात पाडू नयेत? माझे मत आधीच सांगतो, म्हणजे चर्चा सोपी जाईल. ज्या चित्रात मजकूर आहे त्यातला मजकूर आधी बाहेर काढावा, आणि उरलेल्या चित्रालाच कात्री लावावी की नाही ते बघावे. कात्री हे शेवटचे काम आहे.

---

जुना_मांडवीकर

चांगला विषय काढलात. नव्या मुलांना हे तुकडे का पाडायचे हेच ठाऊक नसते, म्हणून थोडे मागचे सांगतो.

डायल-अपच्या दिवसांत वेबपानाची मांडणी टेबलांवर चालायची. डिझायनर अख्खे पान फोटोशॉपमध्ये रंगवायचा, ते चौकोनांत चिरायचे, आणि प्रत्येक चौकोन टेबलाच्या एकेका घरात बसवायचा. फोटोशॉप ५.५ बरोबर १९९९ मध्ये इमेजरेडी आले आणि हे काम हातचे झाले. तुकडे पाडा, बटणावर माउस नेला की दुसरे चित्र दिसेल असे ठरवा, आणि एचटीएमएलसकट सगळे बाहेर काढा. त्याच्या आदल्या वर्षी मॅक्रोमीडियाने फायरवर्क्स काढले होते. ते तर वेबसाठीच जन्मले होते. अडोबीने २००५ मध्ये मॅक्रोमीडिया विकत घेतली, २००७ च्या सीएस३ पासून इमेजरेडी गेले, आणि २०१३ मध्ये फायरवर्क्सचा विकासही थांबवला. फायरवर्क्सला आजही माझ्या मनात वेगळी जागा आहे. तुकडा हलवला की शेजारचे तुकडे आपोआप जुळवून घ्यायचे, आणि मूळ पीएनजीतच सगळे थर शाबूत राहायचे.

त्या काळी तुकडे पाडण्याला तीन खरी कारणे होती. एक, बटणांना वेगवेगळ्या लिंका हव्या असत. दोन, एकाच चित्रात फोटो आणि सपाट रंग दोन्ही असतील तर फोटोला जेपीजी आणि सपाट रंगाला गिफ असे वाटून एकूण वजन उतरायचे. तीन, चित्र तुकड्या-तुकड्याने दिसू लागले की बघणारा थांबायचा. यातले दुसरे कारण आजही खरे आहे. पहिले आणि तिसरे बरेचसे संपले.

---

साखळीची_बाय

अंत्रुजकर बाब, तुमच्या शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा. पण मजकूर बाहेर का निघत नाही, यावर कोणीच बोलत नाही.

आपल्याकडचे छापखाने अजून जुन्या फॉन्टांवर चालतात, श्रीलिपी आणि तत्सम. कोरलमधला मजकूर कॉपी करून वेबपानावर चिकटवला की कंस, टक्के आणि रोमन अक्षरांची खिचडी दिसते, कारण ती अक्षरे युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतांत, नसतातच. मग वेब करणारा म्हणतो, 'जाऊ दे, चित्रच टाकतो.' मराठी साईटींवर इतकी वर्षे चित्रांचे तुकडे टिकले त्याचे सगळ्यात मोठे कारण हे आहे. इंग्रजी साईटवाल्याला ही अडचण कधी आलीच नाही.

यावर उपाय आहे. फॉन्टचे नाव छापखान्यातून विचारून घ्या आणि कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये काढा. नंतर एकदा डोळ्यांखालून घालाच, कारण रफार, ऱ्ह-ऱ्य आणि पहिली वेलांटी हमखास इकडेतिकडे जातात. 'कार्तिक'चा रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसलेला मी छापून आलेल्या पत्रिकेतसुद्धा पाहिला आहे. आणि कोरलमध्ये मजकूर कर्व्ह करून (अक्षरांचे नुसते आकार बनवून) दिला असेल तर कन्व्हर्टरचाही उपयोग नाही, तो सरळ टाइप करावा. एका पानाचा मजकूर असतो, अर्ध्या तासाचे काम.

एकदा मजकूर युनिकोडमध्ये आला की तो शोधता येतो, मोबाइलवर मोठा होतो, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना फोन वाचून दाखवतो. माझ्या आत्याला मोतीबिंदूमुळे वाचणे जमत नाही. तिला पालखी किती वाजता ते फोनने सांगितले पाहिजे, आणि चित्रातून फोन ते सांगेलच असा भरवसा नाही. पत्रिकेचा थाट हवा असेल तर मुक्त, बालू, तिरो देवनागरी मराठी असे सुंदर खुले फॉन्ट आज फुकट मिळतात.

---

अंत्रुजकर

साखळीची बाय, देव बरें करूं. हा मुद्दा मूळ धाग्यातच यायला हवा होता इतका तो मुळाशी आहे. मजकूर काढला की माझ्याकडे फोटो, चौकट आणि क्यूआर एवढेच उरते. मग चौकटीचे काय? ती वरची, खालची, डावी, उजवी आणि चार कोपरे अशी आठ तुकड्यांत मोडून मी टेबलात बसवत आलो आहे.

---

म्हापशाचा_कोडकार

चौकटीसाठी कात्री लावूच नका. हे काम आता ब्राउझर स्वतः करतो.

सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची सजावट लिहिण्याच्या भाषेत, बॉर्डर-इमेज आहे. चौकटीचे एकच छोटे चित्र द्यायचे, आणि बॉर्डर-इमेज-स्लाइसमध्ये चारी बाजूंनी किती आत कापायचे तो आकडा लिहायचा. ब्राउझर त्या चित्राचे नऊ भाग करतो: चार कोपरे जसेच्या तसे, चार कडा हव्या तेवढ्या लांबवायच्या किंवा पुन्हा पुन्हा मांडायच्या, आणि मधला भाग सोडून द्यायचा. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, साध्या चित्रासाठी तो आकडा पिक्सेलचाच असतो पण त्यापुढे पीएक्स लिहायचे नसते; लिहिले की अख्खी ओळ बाद होते आणि चौकट का उमटत नाही तेच कळत नाही. दुसरी, बॉर्डर-इमेज-रिपीटला 'राउंड' द्या. मग वेलबुट्टी किंवा कमळाची नक्षी पूर्ण संख्येनेच बसते, शेवटचे कमळ अर्धे कापले जात नाही. 'स्ट्रेच' दिले तर मोबाइल आडवा धरल्यावर कमळे चपटी होतात. चौकट एसव्हीजीमध्ये (पिक्सेलऐवजी रेघांनी साठवलेल्या चित्रात) असेल तर फारच उत्तम, काही केबीत काम होते आणि कितीही मोठे केले तरी रेघ फाटत नाही.

छोट्या चिन्हांसाठी पूर्वी स्प्राइट करत, म्हणजे उलटा प्रकार: पुष्कळ चित्रे एकत्र चिकटवायची आणि हवा तो भाग दाखवायचा. ब्राउझर एका सर्व्हरशी एका वेळी सहाच जोडण्या उघडायचे, म्हणून फायलींची संख्या कमी ठेवण्यासाठी हा खटाटोप. २०१५ मध्ये एचटीटीपी/२ ही पाने पोचवण्याची नवी पद्धत आली आणि एकाच जोडणीवरून पुष्कळ फायली एकदम येऊ लागल्या. आता चिन्हे एसव्हीजीत ठेवा, स्प्राइटच्या भानगडीत पडू नका.

एकाच चित्रावर वेगवेगळ्या लिंका हव्या म्हणून कोणी तुकडे पाडत असेल तर त्यालाही दुसरा मार्ग आहे. जुन्या इमेज मॅपचे (एका चित्रावर लिंकच्या जागा आखण्याच्या पद्धतीचे) आकडे पिक्सेलमध्ये ठरलेले असतात, त्यामुळे मोबाइलवर चित्र आकसले की लिंक भलतीकडे लागते. त्यापेक्षा चित्र एसव्हीजीच्या आत ठेवून त्यावर लिंकचे चौकोन काढा, ते चित्राबरोबर लहानमोठे होतात.

---

बांदोड्याचो_पावस

ईमेलचे काय पण? वरचे निम्मे उपाय ईमेलमध्ये चालत नाहीत. मी एका संस्थेची पत्रे पाठवण्याचे काम बघतो, तिथे तर अजून तुकडेच पाडतो आणि पाडावेच लागतात.

डेस्कटॉपवरचा जुना आउटलुक २००७ पासून पत्र दाखवायला वर्डचे इंजिन वापरतो. त्याला बॉर्डर-इमेज कळत नाही, एसव्हीजी कळत नाही, वेबपी कळत नाही. तिथे टेबल, जेपीजी आणि पीएनजी हीच भाषा. चित्र फार उंच असेल तर तो ते कापूनही टाकतो. म्हणून ईमेलसाठी ६०० पिक्सेल रुंदीचे टेबल, एक स्तंभ, आणि चित्राच्या आडव्या पट्ट्या एकाखाली एक, हा माझा ठरलेला साचा.

या पट्ट्यांच्या मध्ये पांढरी रेघ दिसते ही सगळ्यांची तक्रार. त्याचे कारण समजून घ्या म्हणजे औषध लक्षात राहील. ब्राउझर चित्राला ओळीतले एक अक्षर समजतो आणि ते ओळीच्या तळरेषेवर ठेवतो. तळरेषेखाली उकार-ऋकारासाठी जागा राखलेली असते, तीच जागा पट्टीखाली फट म्हणून दिसते. प्रत्येक चित्राला डिस्प्ले ब्लॉक दिले की ते अक्षर राहत नाही आणि फट जाते. टेबलाची सेलस्पेसिंग, सेलपॅडिंग आणि बॉर्डर तिन्ही शून्य करा. आणि टीडी (टेबलाचे घर) उघडून पुढच्या ओळीत चित्र लिहिण्याची सवय सोडा, काही ठिकाणी ती रिकामी जागाही मोजली जाते.

आणखी एक, कळकळीने सांगतो. पुष्कळांच्या मेलबॉक्समध्ये चित्रे परवानगीशिवाय उघडत नाहीत. अशा माणसाला तुमची पत्रिका म्हणजे रिकामे चौकोन दिसतात. प्रत्येक पट्टीला ऑल्ट मजकूर (चित्राऐवजी दिसणारे शब्द) द्या, आणि तो 'चित्र १' असा नको. 'शनिवार सायंकाळी पालखी, रात्री नाटक' असा द्या. फोटोशॉपच्या स्लाइस ऑप्शन्समध्ये ऑल्टचे घर आहे, तिथेच भरले की एचटीएमएलमध्ये आपोआप येते. जीमेल १०२ केबीपेक्षा मोठ्या पत्राचा शेवट कापतो तो फक्त एचटीएमएलच्या मजकुराचा हिशोब असतो, चित्रांचा नाही, तेव्हा त्याची भीती चित्रांपुरती बाळगू नका.

---

म्हापशाचा_कोडकार

पावसबाब, मान्य. ईमेलपुरते तुमचेच खरे. नवा आउटलुक वेबच्या इंजिनावर आला आहे, पण सरकारी आणि बँकेच्या कचेऱ्यांत जुना अजून बसलेला आहे, तेव्हा इतक्यात सुटका नाही.

---

रंगपट

मी तांत्रिक माणूस नव्हे, म्हणून विचारतो. आमच्या नाट्यमंडळाकडे जत्रेच्या नाटकांची जुनी हस्तलिखित पोस्टरे आहेत. स्कॅन करून ठेवली आहेत. काही कागद उभे, अगदी लांबलचक, भिंतीवर चिकटवायचे. साईटवर एका पानात वरून खाली बघता यावे असे करायचे आहे. विकत सॉफ्टवेअर घेण्याइतके पैसे नाहीत. संगणक जुना आहे. काय वापरू?

---

अंत्रुजकर

रंगपटबाब, दोन फुकट मार्ग.

पहिला फोटोपी. हे ब्राउझरमध्येच चालते, काही बसवावे लागत नाही, आणि फाइल तुमच्याच संगणकावर राहते, सर्व्हरवर चढत नाही. फोटोशॉपसारखेच स्लाइस टूल त्यात आहे आणि सगळे तुकडे एका झिपमध्ये उतरवता येतात.

दुसरा गिम्प. त्यात पट्टीवरून गाईड ओढा आणि इमेज मेनूतले 'स्लाइस युझिंग गाईड्स' दाबा. प्रत्येक तुकडा वेगळे चित्र म्हणून उघडतो. २.१० मध्ये फिल्टर्स, वेब, स्लाइस असाही एक रस्ता आहे, तो चित्रांबरोबर एचटीएमएलचे टेबलही बनवून देतो. लिनक्सच्या काही आवृत्त्यांत तो मेनू दिसत नाही, कारण त्याला लागणारे जुने पायथन काढून टाकलेले असते. न दिसला तर पहिलाच रस्ता पुरतो.

लांब पोस्टर आडव्या पट्ट्यांतच कापा, उभे काप अजिबात नकोत. हजार पिक्सेलची रुंदी तिघांत वाटली तर मोबाइलवर प्रत्येकाच्या वाट्याला पूर्णांक येत नाही, आणि दोन तुकड्यांत केसाएवढी फट चमकते. एकाखाली एक पट्ट्यांना हा त्रास फार कमी. पानावर पहिली पट्टी लगेच येऊ द्या, खालच्यांना लोडिंग लेझी लावा, म्हणजे माणूस खाली सरकेल तशा त्या उतरतील. प्रत्येकीला रुंदी-उंचीचे आकडे लिहाच, नाहीतर पट्टी आली की पान उडी मारते आणि वाचणाऱ्याची जागा हरवते.

हस्तलिखित पोस्टरची गोष्ट माझ्या नियमाला अपवाद आहे. तिथे अक्षर हेच चित्र आहे, ते जपायलाच हवे. पण त्याच पानावर खाली नाटकाचे नाव, पात्रे, गाव हे युनिकोडमध्ये लिहा. गोव्यातल्या मराठी रंगभूमीवर कोणी शोध घेत असेल तर त्याला ते सापडले पाहिजे.

---

रंगपट

फोटोपी उघडले. चालते आहे, संगणक जुना असूनही. पण एक गोष्ट दिसली. दोन पट्ट्या जिथे जुळतात तिथे कागदाचा पिवळट रंग जरासा बदललेला वाटतो. फट नाही, रंगच. मूळ स्कॅन जेपीजीत आहे.

---

जुना_मांडवीकर

हे जेपीजीचे अंगचे लक्षण. जेपीजी चित्राला आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनांत तोडून साठवते. रंगाची माहिती बहुतेकदा निम्मीच ठेवलेली असते, त्यामुळे प्रत्यक्षात सोळा बाय सोळाचा चौकोन धरावा. तुमचा काप चौकोनाच्या मधून गेला की पुन्हा सेव्ह करताना चौकोन नव्याने पडतात, आणि दोन पट्ट्यांच्या कडांवर रंगाची गोळाबेरीज वेगवेगळी होते. पिवळट सपाट कागदावर ते लगेच डोळ्यांत भरते.

उपाय असा करा. एक, काप नेहमी सोळाच्या पटीत घ्या: ८००, १६००, २४०० असे, कारण हे तिन्ही सोळाने भागले जातात. दोन, सगळ्या पट्ट्यांची क्वालिटी एकच ठेवा. अंत्रुजकरांच्या पत्रिकेत वेगवेगळ्या सेटिंगा चालतात कारण तिथे फोटो आणि चौकट वेगळे आहेत, एकसंध कागदावर तसे चालत नाही. तीन, शक्य असेल तिथे काप पोस्टरमधल्याच रेघेवर किंवा दोन ओळींच्या मोकळ्या जागेत घ्या. चार, मूळ जेपीजीच असेल तर जेपीजीट्रॅन हा छोटा प्रोग्राम वापरा. ते सोळाच्या चौकोनांवरून, पुन्हा कॉम्प्रेस न करता, जसेच्या तसे कापते. काहीच बिघडत नाही.

पोस्टरे पुष्कळ असतील तर हाताने करत बसू नका, इमेजमॅजिक हा आज्ञा लिहून चालवायचा प्रोग्राम घ्या. क्रॉप या पर्यायापुढे स्तंभ आणि ओळींची संख्या लिहून शेवटी @ चिन्ह दिले की तेवढे समान तुकडे निघतात. @ दिले नाही तर तोच आकडा तुकड्याचा आकार धरला जातो. मागोमाग अधिक चिन्हासह रीपेज द्यायला विसरू नका, नाहीतर तुकड्याला मूळ चित्रातली जागा चिकटून राहते आणि काही प्रोग्राम त्याच्याभोवती रिकामी जागा दाखवतात.

---

साखळीची_बाय

रंगाचा विषय निघाला म्हणून जोडते. छापखान्याची फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे शाईच्या रंगांत, असते. ती तशीच कापून वेबवर घातली की कुंकवाचा लाल भडक गुलाबीकडे झुकतो, किंवा काही ठिकाणी चित्र उघडतच नाही. कापण्याआधी एसआरजीबीमध्ये, म्हणजे पडद्याच्या रंगांत, बदला, आणि सगळ्या तुकड्यांना एकच रंगाचे प्रोफाइल जाऊ द्या. एका तुकड्यात प्रोफाइल आणि शेजारच्यात नाही, असे झाले तरी जोड दिसतो.

आणि अंत्रुजकर बाब, क्यूआरचा तुकडा. त्याच्याभोवती चार घरांएवढी (त्यातल्या चार बारीक चौकोनांएवढी) पांढरी जागा सोडावी असा त्याच्या मानकातच नियम आहे. काप अगदी काळ्या चौकोनाला लागून घेतला तर तो स्कॅन होईना होतो. शिवाय जो माणूस मोबाइलवर पत्रिका बघतो आहे तो आपल्याच पडद्यावरचा कोड कसा स्कॅन करणार? क्यूआरखाली यूपीआयची लिंक द्या, दाबले की ॲप उघडेल असे. दूरच्या महाजनांना याचा खरा उपयोग होतो.

---

अंत्रुजकर

चार घरांचे आजच लावून घेतो. लिंकची सूचना तर समितीला फार आवडेल.

---

रेघोटी

धागा शांतपणे वाचत होते. माझे काम थोडे वेगळे आहे, पण त्यात तुकडे पाडल्याशिवाय गत्यंतरच नाही.

आमच्या गावच्या देवळात कावीची एक भिंत उरली आहे. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा ओला थर देतात आणि तो सुकण्याआधी कोरून खालची पांढरी रेघ उघडी करतात. वेली, पक्षी, द्वारपाल, सगळे फक्त दोन रंगांत. गोव्यात आणि कारवार पट्ट्यात ही कला होती. जीर्णोद्धाराच्या नावाखाली कित्येक ठिकाणी त्यावर ऑइलपेंट फासला गेला किंवा फरशी बसली. आमची भिंत पडण्याआधी तिचे नीट फोटो घेऊन, ते जोडून, एक मोठे चित्र तयार केले आहे: २०,००० बाय १०,००० पिक्सेल. कोरणाऱ्याची रेघ कुठे दाबून गेली आणि कुठे हलकी, ते सगळे त्यात दिसते.

हे चित्र वेबवर कसे दाखवावे? लहान केले तर रेघ मरते, आणि रेघ हीच तर कावी. अखंड चढवले तर मोबाइल गुदमरतो. वेबपीमध्ये तर बसतच नाही, त्याची मर्यादा १६,३८३ पिक्सेलची आहे.

---

म्हापशाचा_कोडकार

रेघोटी ताई, तुमच्यासाठी स्लाइस टूल नव्हे, टाइल-पिरॅमिड. ऑनलाइन नकाशे चालतात तसेच.

चित्र मूळ आकारात छोट्या चौकोनांत कापायचे. मग ते निम्मे करून पुन्हा कापायचे, पुन्हा निम्मे, पुन्हा काप, असे अगदी ठिपक्याएवढे होईपर्यंत. बघणारा दूर असेल तेव्हा वरच्या थरातले दोन-चार चौकोन उतरतात. त्याने बोटांनी द्वारपालाचा डोळा मोठा केला की फक्त त्या डोळ्याचे चौकोन उतरतात. तुटक रेंजमध्येही चालते, कारण एका वेळी पडद्यापुरतेच येते.

हे कापायला लिबव्हिप्स घ्या. फुकट आहे, आणि अख्खे चित्र मेमरीत न घेता काम करते, त्यामुळे साध्या लॅपटॉपवरही होते. त्यातली डीझेडसेव्ह ही एकच आज्ञा सगळा पिरॅमिड बांधते. दाखवायला ओपनसीड्रॅगन ही जावास्क्रिप्टची लायब्ररी, तीही खुली.

आत काय होते ते एकदा बघा. चौकोन २५४ पिक्सेलचा, आणि शेजाऱ्याकडून चारी बाजूंनी एकेक पिक्सेल उसना, असे मिळून २५६. तो उसना पिक्सेलच वर अंत्रुजकरांनी सांगितलेली केसाएवढी फट झाकतो. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारातल्या निळ्या आझुलेज फरशा आठवा, तिथे एकच चित्र पुष्कळ फरशांवर पसरले आहे आणि रेघ एका फरशीवरून दुसरीवर न चुकता जाते. फरक इतकाच की इथल्या फरशा कडेला एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात.

हिशोब सांगतो. २५४ ने भागले तर तुमच्या चित्राचे सगळ्यात खालच्या थराला आडवे ७९ आणि उभे ४० चौकोन, म्हणजे ३,१६०. वरचे सगळे थर मिळून साधारण त्याचा तिसरा हिस्सा आणखी. म्हणजे चार हजारांच्या वर फायली.

---

रेघोटी

चार हजार फायली! आमचे होस्टिंग सगळ्यात स्वस्तातले आहे. चढवणार कशा? आणि दोनच रंग आहेत तर पीएनजी घ्यावे का?

---

म्हापशाचा_कोडकार

एकेक फाइल एफटीपीने चढवू नका, रात्र सरेल. पिरॅमिडची झिप करा, एकच फाइल चढवा आणि होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये ती उलगडा. त्याआधी तुमच्या पॅकेजमध्ये एकूण किती फायलींना मुभा आहे ते बघून घ्या. स्वस्त पॅकेजांत जागा भरपूर असते पण फायलींच्या संख्येवर मर्यादा असते. कमी पडत असेल तर चौकोन ५१० चा करा, अधिक दोन, म्हणजे ५१२. फायली चौथ्या हिश्शावर येतील.

पीएनजी नको. डोळ्याला दोन रंग दिसतात पण फोटोत गिलाव्याचे खडबडीतपण, ओल आणि सावली आहे, पीएनजी फार जड होईल. जेपीजी क्वालिटी ८५ च्या आसपास ठेवा आणि रंगाची माहिती निम्मी करू नका. तांबड्यावर पांढरी बारीक रेघ असेल तर निम्म्या रंगामुळे तिच्या कडा गुलाबी पसरतात. लिबव्हिप्समध्ये क्वालिटी ९० किंवा त्यावर गेली की रंग पूर्ण राहतो, त्याखाली तो आपणहून निम्मा करतो, म्हणून सबसॅम्पलिंग बंद करायचा पर्याय हाताने द्या.

---

साखळीची_बाय

आणि मूळ जोडचित्र टिफमध्ये वेगळे जपून ठेवा, रेघोटी. दोन जागी ठेवा. टाइली केव्हाही पुन्हा पाडता येतील.

---

रेघोटी

टिफ आहे, एक प्रत माझ्याकडे आणि एक समितीच्या अध्यक्षांकडे. आधी द्वारपालाच्या भागाचा छोटा पिरॅमिड करून पाहते, ५१० चा चौकोन घेऊन. जमले की दुवा इथेच देते. रंगपट काका, तुमच्या पोस्टरांचीही स्कॅन मोठी असतील तर त्यांच्यासाठीही हेच चालेल, उभ्या कागदाला काहीच अडचण नाही.

---

रंगपट

मोठीच आहेत, बाये. तुमचे झाले की तुमच्याकडूनच शिकून घेतो. तोवर जेपीजीट्रॅन उतरवले आहे, सोळाच्या पटीत पहिले पोस्टर कापले. जोड दिसत नाही.